लेंडीचा मालक

कल्याणच्या डेपोत नगरची गाडी लागली तेव्हा खिडकीच्या जागेवर कुणीतरी रुमाल टाकून ठेवला होता. रुमाल उचलून मी पुढच्या सीटवर ठेवला आणि बसलो. रुमालवाला आला. त्याने आवाज चढवला, मी त्याच्याहून चढवला, आणि मुरबाड येईपर्यंत आम्ही एकमेकांना खांदा लावून, पण तोंडं फिरवून बसलो. मग त्यालाच राहवेना.

"नगरला काय काम काढलंत?" त्याने विचारलं.

"माझं नाव परत आणायला चाललोय."

त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि पिशवीतून शेंगदाणे काढले. मलाही दिले.

वाचकांना जरा मागचं सांगायला हवं. पेणला माझं जनावरांच्या औषधांचं आणि पेंडीचं दुकान आहे. सायकलच्या कॅरियरवर पोती बांधून गावोगाव पेंड विकण्यापासून मी सुरुवात केली. दुकानाची एक वीटही कुणी मला दिलेली नाही. भातं कापून झाली की घाटावरचे मेंढपाळ मेंढरं घेऊन आपल्याकडे उतरतात, हे तुम्ही दर वर्षी बघता. लाल पागोटी, घोड्यावर लादलेला संसार, आणि लेंडीच्या खतासाठी शेतात रात्रभर बसवलेल्या मेंढ्या. चार-पाच कुटुंबांची मेंढरं एकत्र चालतात, त्याला ते वाडा म्हणतात. या वाड्यांचं जंतांचं औषध वर्षानुवर्षं माझ्याकडून जायचं.

गेल्या हंगामात कोंडीबा नावाच्या जुन्या गिऱ्हाइकाने माझ्याकडून औषध नेलं, मेंढ्यांना पाजलं, आणि तरी त्याच्या मेंढ्या खंगत गेल्या. काही मेल्या. मग तो वाड्यावाड्यांवर सांगत सुटला, की पेणच्या शेठचं औषध म्हणजे नुसतं पाणी हाय. हंगाम संपताना मेंढपाळ माझ्या दारावरून कळप हाकत पलीकडच्या दुकानात जायला लागले. मी गल्ल्यावर बसून ते बघत होतो. माणसाला कुणी चोर म्हणालं तर तो भांडू तरी शकतो. मला तोंडावर कुणी काही म्हणालंच नाही.

त्याच दिवसांत वैदेही नावाची एक तरुण जनावरांची डॉक्टर वाड्यांवर फिरत होती. मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांचा तिचा अभ्यास चालू होता. तिने मला सांगितलं, की लेंडी सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर जंतांची अंडी दिसतात, पण वेगवेगळ्या जंतांची अंडी दिसायला जवळपास सारखीच असतात. त्या अंड्यांमधल्या जनुकांची अक्षरं यंत्रावर वाचली, म्हणजे सिक्वेन्सिंग केलं, तर पोटात कोणकोणते जंत एकत्र नांदताहेत आणि कोणाचा भरणा जास्त आहे ते कळतं. औषधाआधीची एक लेंडी आणि औषधानंतरची एक लेंडी वाचली, की औषधाने कोणाला मारलं आणि कोणाला नाही, हेही कळतं.

मी लगेच तिच्याकडून बाटल्या घेतल्या आणि स्वतः कोंडीबाच्या हातात दिल्या. तेच औषध पुन्हा एकदा पाजायला दिलं आणि सांगितलं, एक बाटली औषधाच्या आधी भरा, एक नंतर भरा. त्याने दोन्ही इमानाने भरून दिल्या. पावसाळ्यात तपासणीचा अहवाल थेट माझ्याकडे आला. आधीच्या लेंडीत असलेला एक जंत नंतरच्या लेंडीत जवळजवळ नाहीसा झाला होता. पाण्याने जंत मरत नाहीत. मी अहवालाला प्लास्टिकचं कव्हर करून घेतलं आणि कोंडीबाच्या गावी जाऊन तो त्याच्या माणसांसमोर वाचून दाखवायचा, असं ठरवून निघालो.

माळशेजच्या पायथ्याशी धुक्याने गाडी गिळली. कड्यांवरून पाणी पडत होतं आणि वाऱ्याने ते परत वर उडत होतं. गाडी घाटात थांबली तेव्हा कणसं भाजणाऱ्या बाईशी मी घासाघीस केली. ती म्हणाली, "दादा, पावसात चूल पेटती ठेवून बघा, मंग बोला." मी सांगितलेल्या भावात घेतलं खरं, पण कणीस अर्धं कच्चं निघालं, आणि तिने ते मुद्दाम निवडून दिलं याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

याच वाटेने मेंढपाळ उतरतात. गाडीतून तासाभरात संपणारा घाट ते पोरंबाळं, कोकरं आणि कोंबड्या घेऊन पायी उतरतात. इतकी वर्षं त्यांच्याशी व्यवहार केला, पण ते येतात कुठून ते मी पहिल्यांदाच बघत होतो.

घाटमाथा ओलांडला आणि कुणी पडदा ओढावा तसा पाऊस मागे राहिला. ओतूर गेलं, आळेफाटा गेला. बेल्ह्याच्या पुढे जमीन मोकळी होत गेली. आपल्याकडे डोळ्याला सारखं काहीतरी अडतं, झाड नाहीतर डोंगर. इथे बाजरीची हिरवी पट्टी, मग उघडा माळ, मग मुगाचं शेत, आणि त्यावर एवढं मोठं आभाळ की त्यात ढग असूनही ते रिकामं वाटत होतं. टाकळीच्या पुढे एका टेकाडावर मेंढ्या चरताना दिसल्या. रुमालवाल्याला मी त्या दाखवल्या. तो म्हणाला, "त्यात काय बघायचंय?" त्याचंही बरोबर होतं.

गाडीवर पाटी अहिल्यानगरची होती. कंडक्टर मात्र "चला, नगर उतरा, नगर," असंच ओरडत होता.

वैदेही भिंगारला तिच्या मावशीकडे राहते; कोंडीबाकडे जाण्याआधी माझा मुक्काम तिथे होता. भिंगार म्हणजे नगरला चिकटून असलेलं लष्करी छावणीचं गाव. एका बाजूला चुन्याने रंगवलेले दगड आणि सरळ रेषेत लावलेली झाडं, दुसऱ्या बाजूला जुना बाजार, त्यात एकमेकांवर चढलेली दुकानं. मावशी लष्कराच्या कचेरीत नोकरीला आहेत. त्यांनी जेवायला शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या, तिखट रश्श्यात शिजवलेल्या कड्या) केले होते. मला घाम फुटला.

"कोकणातल्या माणसाला हे सोसत नाही," मावशी म्हणाल्या. "नारळ घालायला हवा होता का?"

"नारळ नको. पाणी द्या."

"पाणी तर तुम्हीच विकता म्हणे," मावशी म्हणाल्या आणि हसल्या. भाचीने त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं. मी हसलो नाही. वैदेहीने पटकन तांब्या पुढे केला.

जेवणं झाल्यावर तिने अहवाल हातात घेतला आणि बराच वेळ बघत बसली.

"काका, एक गोष्ट मला खटकतेय. औषधाआधीच्या बाटलीत दोन जातींचे जंत आहेत. नंतरच्या बाटलीत त्यातला एक गेलाय, ते ठीक. पण एक तिसराच आलाय. आधी ज्याचा मागमूस नव्हता, तो इतक्या थोड्या दिवसांत कुठून आला?"

"आला असेल कुठूनतरी. माझ्या औषधाने एक मारला ना?"

"तसं दिसतंय. पण कोंडीबांना विचारल्याशिवाय तुम्ही हे कुणासमोर वाचू नका. मी येते उद्या तुमच्याबरोबर."

मी तिला ये म्हणालो. डॉक्टर सोबत असली तर माझ्या शब्दाला वजन येईल, एवढाच हिशोब मी केला होता.

सकाळी आम्ही टाकळीकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. मागच्या बाकावर माणसं, मेथीच्या जुड्या आणि एक शिवलेलं घोंगडं. टाकळीला उतरून पुढे टेम्पो करावा लागला. टेम्पोवाल्याशी मी नेहमीसारखा हटून बसलो, तेव्हा तो म्हणाला, "कोंडीबाकडं चाललाय व्हय? मंग बसा. काय द्यायचं ते द्या. म्हाताऱ्याकडं सध्या कुनी चांगल्या कामाला येत न्हाई." त्या वाक्याने माझी घासाघीस अर्ध्यावर थांबली.

कोंडीबाची वस्ती माळाच्या उतारावर आहे. पत्र्याची दोन घरं, दगड रचून केलेला मेंढ्यांचा कोंडवाडा, बाभळीची सावली. कोंडीबाने मला लांबूनच ओळखलं. माझी बदनामी केल्याची कसलीही लाज त्याच्या तोंडावर नव्हती. तो उठला, घोंगडी झटकली आणि अंथरली.

"या शेठ. घाट चढून आलासा. भागू, च्या टाक."

भागू त्याची सून. मुलगा सुप्याला कंपनीत कामाला जातो. मेंढ्यांचं सगळं सून आणि सासरा बघतात. भागूने शेळीच्या दुधाचा चहा आणला, माझ्याकडे बघितलं आणि सरळ विचारलं, "औषधाचं भांडान काढायला आलाय का?"

"भांडण नाही. न्याय."

"तेच ते," ती म्हणाली आणि आत गेली.

मी म्हणालो, शेजारच्या वस्त्यांवरच्या माणसांना बोलवा. जे बोललं गेलं ते चारचौघांत बोललं गेलं, तर उत्तरही चारचौघांतच झालं पाहिजे. कोंडीबाने हरकत घेतली नाही. काही म्हातारे आले, काही बायका कोंडवाड्याच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी अहवाल काढला. वैदेही मला डोळ्यांनी थांबवत होती, पण मी थांबलो नाही. लेंडी कशी वाचतात, कुठला जंत आधी होता, कुठला नंतर गेला, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "आता सांगा, हे पाणी होतं का?"

सगळे कोंडीबाकडे बघत होते. तो मान खाली घालून ऐकत होता, आणि मला वाटलं, आता माफी मागणारच.

वैदेहीने विचारलं, "बाबा, या बाटल्या तुम्ही कुठल्या लेंडीने भरल्या?"

"पयली भरली तवा आमी नदीच्या पात्रात हुतो. कुनाची जमीन न्हाई. सकाळी बसल्या जागची उचलली."

"आणि दुसरी?"

"दुसऱ्या टायमाला आमी तुमच्या पेणकडच्या पाटलाच्या शेतात बसलो हुतो."

"मग तिथली उचललीत?"

कोंडीबाने तिच्याकडे असं बघितलं, जसं काही तिने त्याला खिसा कापायला सांगितलं होतं.

"तिथली कशी उचलू, बाई? मेंढरं शेतात बसवायचं त्यानं तांदूळ दिला हुता. पडली तितकी लेंडी त्याची. त्यातली एक उचलली तरी शब्द मोडला. म्हनून सकाळी मेंढरं रस्त्याला लागली तवा रस्त्यावरची गोळा केली."

"कुठल्या रस्त्यावरची?"

"डांबरीवरची. सगळे वाडे तिथूनच जात्यात."

वैदेहीने डोळे मिटले. भिंतीजवळच्या एका म्हाताऱ्याला मजा वाटली. "म्हंजी शेठ, तुमच्या कागदावर आमची बी मेंढरं हायत म्हना की. जरा बघा, आमच्या काळ्या बोकडाचं काय लिवलंय."

बायका हसल्या. मी उठून उभा राहिलो. मला आता शब्दन् शब्द आठवत नाही, पण मी कोंडीबाला अक्कलशून्य म्हणालो, हे नक्की. मेंढीच्या मागून थेट का नाही घेतली, असं मी ओरडलो.

"तुमी म्हनला लेंडी आना," कोंडीबा शांतपणे म्हणाला. "मेंढीच्या मागं बोट घाला, असं न्हाई म्हनला."

यावर तर सगळे मोकळेपणाने हसले. वैदेहीसुद्धा. मग तिने मला हळू आवाजात समजावलं. औषधानंतरची बाटली कोंडीबाच्या मेंढ्यांची नव्हतीच. ती सगळ्या वाड्यांची मिसळ होती. गेलेला जंत औषधाने गेला की रस्त्यावर सापडलाच नाही, हे कुणीही सांगू शकत नाही. माझ्या कव्हर घातलेल्या कागदाला काही अर्थ उरला नव्हता.

माणसं पांगली. मी तसाच निघालो असतो, पण वैदेही कोंडवाड्यात शिरली होती. ती एकेका मेंढीची खालची पापणी ओढून बघत होती. मलाही तिने बोलावून दाखवलं. पापणीच्या आत जिथे लालसर दिसायला हवं, तिथे कागदासारखं पांढरं होतं. काही मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी भरून पिशवी लोंबत होती. उभ्या होत्या, पण भिंतीला अंग लावून. मेंढी इतकी गप्प उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती.

"रक्त पिणारा जंत आहे हा," वैदेही भागूला म्हणाली. "पोटात नुसता भरलेला असणार. एकटा आहे की आणखी कुणाबरोबर, आणि त्याला औषध लागू पडतं का, ते वाचल्यावरच कळेल. जनुकांत एक ठरावीक बदल असला, की या जंताला काकांचं औषध चालतच नाही. औषध कितीही खरं असलं तरी. वर्षानुवर्षं तेच औषध दिलं की असे जंत मागे उरतात."

"ते मागतात तेच मी विकतो," मी म्हणालो.

"मी तुम्हाला काही म्हटलं नाही, काका."

तिने हातमोजा चढवला आणि या खेपेला थेट मेंढ्यांकडून, एकेकीचा वेगळा नमुना घेतला. भागू प्रत्येक मेंढीला धरत होती आणि नाव घेत होती. "ही ढवळी. ही कानतुटकी. ही मामांची लाडकी, लाथ मारती, जपून." सासऱ्याला ती मामा म्हणते.

"उत्तर कदी यायचं?" तिने विचारलं.

"पुण्याला पाठवते. पंधरा-वीस दिवस तरी लागतील."

भागूने हातातली मेंढी सोडली. "उद्या बाजारवाल्याचा टेम्पो येतोय. उभ्या राहत्यात तवर इकायचं ठरवलंय. चार पाटी (तरण्या, न व्यालेल्या मेंढ्या) ठेवायच्या, त्यावर पुन्हा बघू."

माझ्या पिशवीत दुसऱ्या जातीचं जंतांचं औषध होतं. भांडण मिटल्यावर ते कोंडीबाला भेट म्हणून द्यायचं, म्हणजे तो पुन्हा माझ्या दुकानात येईल, असा माझा विचार होता. मी ते वैदेहीला दाखवलं. तिने बाटली उन्हात धरून वाचली. "हे वेगळं काम करतं. पहिल्याला न जुमानणारे जंतही याने मरायला हवेत. पण एक आहे. हे पाजल्यावर बरेच दिवस मांसासाठी जनावर विकता येत नाही. अंश राहतो मांसात."

म्हणजे उद्याचा टेम्पो तरी, नाहीतर औषध तरी. दोन्ही होणार नव्हतं.

बोलाचालीत मला कुणी हरवलेलं नाही. मी कोंडीबाच्या शेजारी बसलो आणि सुरुवात केली. उद्या विकल्या तर कसाई हाडांचे पैसे देईल, हे सांगितलं. त्याच्या बापापासूनचा कळप आहे, हे त्यानेच मला कधीतरी सांगितलं होतं, ते मी त्याला परत सांगितलं. औषध फुकट देतो म्हणालो. डॉक्टर समोर आहे, ती वजन करून माप ठरवेल, म्हणालो.

भागू मध्येच म्हणाली, "शेठ, तुमाला मेंढरं वाचवायचीत का नाव?"

"दोन्ही."

"खरं बोलला," ती म्हणाली. मग सासऱ्याकडे वळून, "मामा, मी सांगते, टेम्पोत घाला. ज्याच्या अंगात रगत न्हाई त्याला औषध काय करनार?"

कोंडीबाने वैदेहीकडे बघितलं. "बाई, वाचतील का?"

"काही वाचतील," ती म्हणाली. "किती, ते मी सांगू शकत नाही. औषध जंत मारेल. गेलेलं रक्त भरून यायला वेळ लागतो आणि चारा लागतो. पण माझ्या असत्या, तर मी पाजलं असतं."

मी त्या शेवटच्या वाक्याला धरून पुन्हा बोलायला लागलो. बराच वेळ बोललो. शेवटी कोंडीबा उठला आणि म्हणाला, "पाजा."

इतकी वर्षं हे लोक बांबूच्या एका नळीने औषध पाजतात. नळी भरायची, मेंढीच्या तोंडात ओतायची. मोठा मेंढा असो की तरणी पाट, माप तेच. वैदेहीने दुपारभर एकेक मेंढी सोबत आणलेल्या काट्याला लटकवून तोलली. मी पिचकारीने पाजत होतो. भागूने एक शब्द न बोलता प्रत्येक तोंड उघडून धरलं. एकदा मेंढीने माझ्या बोटाला चावा घेतला, तेव्हा मात्र तिला हसू आलं.

संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि मटकीची आमटी खाल्ली. माळावर मोठा वारा होता. कोंडीबा माझ्याशी मेंढ्यांबद्दल बोलला नाही. आपल्याकडच्या पावसाबद्दल, पेणच्या खाडीबद्दल, पाटलाच्या आईच्या गुडघ्याबद्दल विचारत राहिला. आपली माणसं त्याला माझ्याहून जास्त माहीत होती.

सकाळी टेम्पो आला. बाजारवाल्याने कोंडवाड्यात नजर टाकली आणि विचारलं, "भरायचं ना?"

"न्हाई," कोंडीबा म्हणाला. "काल औषध पाजलंय. डाक्टरीनबाई म्हनली इकायचं न्हाई."

"अरे, कुनाला कळनार हाय?"

"मला कळलंय न्हवं."

बाजारवाला माझ्याकडे बघून मान हलवत गेला. टेम्पो उताराला लागला तेव्हा भागू कोंडवाड्यात होती. तिने तिथूनच हाक मारली. कोपऱ्यातली एक मेंढी गेली होती. ढवळी की दुसरी कोणती, मी विचारलं नाही. वैदेही तिच्याजवळ गेली, पापणी बघितली आणि म्हणाली, "हिच्यात काही उरलंच नव्हतं. ही टेम्पोतसुद्धा गेली असती." ती हे भागूला सांगत होती. भागू ऐकत नव्हती.

मी टाकळीहून कल्याणची गाडी धरली. वैदेही नमुने घेऊन नगरला गेली. घाटात पाऊस तसाच चालू होता. या वेळी मी कणीस घेतलं नाही.

पेणला आल्यावर मी रोज संध्याकाळी फोन करायचो. फोन भागू उचलायची. सुरुवातीला सांगायची, आज एक गेली, आज दोन गेल्या, आज सगळ्या चरल्या. ज्या दिवशी सगळ्या चरल्या त्या दिवशी मी दुकानात सगळ्यांशी गोड बोललो. मग माळावर पावसाची झड लागली, चारा बुडाला, अंगात जोर नसलेल्या मेंढ्या थंडीने पडायला लागल्या. भागू एवढंच म्हणायला लागली, "हाय तसंच हाय." मग फोन उचलेनाशी झाली.

गणपतीत वैदेहीचा अहवाल आला. तिने मला फोनवर समजावून सांगितला. कोंडीबाच्या मेंढ्यांत तीन जातींचे जंत एकत्र होते. त्यांतला रक्त पिणारा सगळ्यांत जास्त, आणि जवळजवळ सगळ्याच जंतांत तो बदल होता ज्यामुळे माझं पहिलं औषध त्यांना लागू पडत नाही. औषध पाणी नव्हतं. दुसऱ्या औषधानंतर तिने पुन्हा जाऊन लेंडी घेतली होती, तीही साफ निघाली. "जंत मेले होते, काका," ती म्हणाली. "आपण बरोबर केलं. फक्त आधी करायला हवं होतं. आपण सगळ्यांनीच."

मी कोंडीबाला फोन लावला. या वेळी त्यानेच उचलला. मी सगळं सांगितलं. तीन जंत, रक्त पिणारा, औषधाला न जुमानणारा.

"आमच्याच मेंढरांतलं हाय का रस्त्यावरचं?" त्याने विचारलं.

"तुमच्याच. या वेळी थेट घेतलं होतं ना."

"व्हय. घेतलं हुतं." मागे एक मूल रडत होतं. "मंग शेठ, तुमचं नाव मी उगं घेतलं. सांगतो मी सगळ्यास्नी."

इतके महिने मी हे वाक्य ऐकायला थांबलो होतो. ते ऐकून झालं. मी विचारलं, "मेंढ्या किती आहेत?"

"न्हाईत," तो म्हणाला. "राहिलेल्या मागच्या बाजाराला दिल्या. आता औषधाचे दिवस बी उलटून गेल्ते."

औषध पाजायला लावलं ते चुकलं, असं मी आजही म्हणणार नाही. वैदेहीही म्हणत नाही. त्या दिवशी तेच करायला हवं होतं. पण त्या दिवशी मी इतकं बोललो नसतो, तर भागूच्या हाती टेम्पोचे पैसे आणि निदान चार पाटी उरल्या असत्या, हेही खरं आहे. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत.

दिवाळीनंतर वाडे उतरले. पहिल्याच दिवशी माझ्या दुकानापुढे घोडे थांबले. लोक आत आले, बसले, औषध मागितलं. कोंडीबाने सांगितलं, असं म्हणाले. मी त्यांना आधी मेंढ्या काट्यावर आणा म्हणालो; नळीने पाजायचं असेल तर औषध मिळणार नाही. त्यावर भांडण झालं. एक जण उठून गेला आणि थोड्या वेळाने मेंढा खांद्यावर घालून परत आला.

त्यांच्यात तो म्हातारा होता, ज्याने त्या दिवशी काळ्या बोकडावरून माझी चेष्टा केली होती. त्याला मी कोंडीबाबद्दल विचारलं.

"सुप्याला हाय, पोराकडं. कंपनीच्या गेटावर बसतो. वस्ती बंद केली. मेंढरं गेली की मानसानं माळावर बसून काय बघायचं?"

"आणि भागू?"

"ती बी तिथंच."

कोंडीबाने माझ्यासाठी काही निरोप दिलाय का, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. म्हातारा मेंढ्याला धरून काट्याकडे गेला. मी पिचकारी भरली आणि त्याच्या मागून गेलो.